छांगूला स्वतंत्र गाडी कशाला हवी?

सिक्कीमहून परत आल्यापासून जो भेटतो तो पहिला प्रश्न हाच विचारतो, गाडी स्वतंत्र होती ना? कांचनजंगा दिसला का, हॉटेल कसं होतं, जेवणाचे हाल झाले का, ते सगळं नंतर. आधी गाडी. आणि छांगू तळ्याला आम्ही शेअरिंगने गेलो असं म्हटलं की समोरचा माणूस जरा गप्प होतो, मग हळूच विचारतो, "आणि आई होत्या ना बरोबर?" म्हणजे सासूला परक्या माणसांत कोंबून नेलंत, एवढी कसली कंजुषी, हे सगळं त्या एका वाक्यात येतं.

खरं सांगायचं तर आम्हीही स्वतंत्र गाडीच मागितली होती. मिळाली नाही म्हणून शेअरिंगने गेलो, तत्त्वबित्त्व काही नव्हतं त्यात. पण तो दिवस काही केल्या डोक्यातून जाईना, आणि आता माझं मत असं झालंय की इतक्या उंचावरच्या तळ्यांना स्वतंत्र गाडी कोणालाच मिळू नये, मला नाही आणि तिप्पट पैसे मोजायला तयार असणाऱ्यालाही नाही. आणि त्याचबरोबर हेही, की गंगटोकमध्ये ज्याला शेअरिंग म्हणतात ते खरं शेअरिंगच नाहीये. आधी काय झालं ते सांगते, मग भांडा माझ्याशी.

छांगू म्हणजे तिथल्या भाषेत त्सोम्गो. गंगटोकपासून ३८ किलोमीटर, उंची ३,७५३ मीटर, म्हणजे १२ हजार ३०० फूट. आकडा डोक्यात बसत नसेल तर असं बघा, गंगटोक हे अख्खं शहरच आपल्या कळसूबाईच्या उंचीवर बसलंय, तिथून वर आणखी एक अख्खी कळसूबाई ठेवायची आणि तरी दीड हजार फूट उरतात, आणि हे सगळं आपण नाश्ता करून निघून दोन-अडीच तासांत गाडीत बसल्या बसल्या चढतो. हवेतला प्राणवायू आपल्या मुंबईच्या मानाने तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी. तळं लांबट अंड्यासारखं, साधारण एक किलोमीटरचं, आजूबाजूच्या डोंगरांवरचं बर्फ वितळून भरणारं, हिवाळ्यात गोठतं. रस्ता पुढे नथु ला खिंडीला जातो, म्हणजे थेट चीनच्या हद्दीला, म्हणून परमिट लागतं, ते नोंदणी असलेल्या एजंटमार्फतच निघतं, फोटो आणि ओळखपत्र द्यायचं. बाहेरच्या टॅक्सीला तिथे सोडत नाहीत, सिक्कीमची गाडीच करावी लागते. म्हणजे एक मोठं काम सिक्कीमने आधीच करून ठेवलंय, सिलिगुडीवरून केलेली गाडी घेऊन तुम्ही तळ्यावर धडकू शकत नाही.

गाडीचा हिशेब सोपा असतो. दिवसाचा रेट ठरलेला, तो एकट्या पार्टीने दिला की रिझर्व्ह, आणि सीटप्रमाणे वाटून घेतला की शेअरिंग. आमच्या आधी दोन दिवस पावसाने रस्ता बंद होता त्यामुळे सगळी गर्दी एकदम तुंबलेली, एजंटने आदल्या रात्री नऊ वाजता फोन करून सांगितलं, मॅडम रिझर्व्ह नहीं होगा, सुमो में तीन सीट है, बोलो. सोमवार होता, सोमवार-मंगळवार नथु ला पर्यटकांना बंद असते, म्हणजे कार्यक्रम फक्त छांगू आणि बाबा मंदिर. हे म्हणाले जाऊ दे, राहू दे, उद्या एमजी मार्गावर फिरू. आई म्हणाल्या, "अरे मी सातारा-स्वारगेट एष्टीत उभी राहून प्रवास केलाय, सुमोचं काय घेऊन बसलास." झालं, निघालो.

वज्र स्टँडवर सकाळी सातला जी गर्दी होती ती बघून मला आमचा स्टँड आठवला गणपतीच्या आदल्या दिवशीचा. प्रत्येकजण आपला ड्रायव्हर शोधतोय, ड्रायव्हर आपली माणसं शोधतोय, एजंटची पोरं हातात परमिटचे कागद घेऊन नावं ओरडतायत. आमच्या सुमोत बारासातचं एक बंगाली कुटुंब चौघांचं, इंदूरची दोन पोरं, विशाखापट्टणमचे एक रिटायर्ड गृहस्थ एकटेच, आणि आम्ही तिघं. दहा. पुढे दोन, मध्ये चार, मागे चार. सीट नंबर नाही काही नाही, जो आधी चढला तो खिडकीत. आम्ही सगळ्यात मागे. आईंना मागच्या सीटवर बघून मला कसंतरी झालं, पण त्या बसल्याबसल्या पिशवीतून कापराची पुडी काढून रुमालात बांधत होत्या, त्यांना फिकीर नव्हती.

थर्ड माइलच्या चेकपोस्टवर पहिला धडा मिळाला. दहाजणांचं परमिट एकाच कागदावर, गाडीच्या नंबरसकट. इंदूरच्या एका पोराच्या ओळखपत्रावरचं नाव आणि परमिटवरचं नाव जुळेना, स्पेलिंगचा घोळ, झाली वीस मिनिटं, आणि मागे आर्मीचे ट्रक. बंगाली काकांचा चढायला लागलेला पारा मला मागून त्यांच्या मानेवर दिसत होता. परमिट गाडीला चिकटवलेलं असतं. माणसाला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तळ्याबद्दल मी फार लिहिणार नाही, फोटो सगळ्यांनी बघितलेत. पाणी त्या दिवशी काळपट हिरवं होतं, काठाला बर्फाचे मळके पट्टे, याकच्या शिंगांना लोकरीची रंगीत टोपणं घातलेली, आणि थंडी अशी की बोलताना शब्द अर्धवट येतात. आईंना एका दुकानात बाकावर बसवून चहा दिला आणि मी रस्त्याकडे बघत बसले. तळ्याच्या कडेने जो रस्ता जातो तो पूर्ण गाड्यांनी भरलेला. एकाला एक लागून. मला मोजायची सवय आहे, बँकेत आयुष्य गेलं, तर मी मोजायला लागले, शंभरच्या पुढे कंटाळून सोडून दिलं. त्यातल्या कितीतरी गाड्यांतून दोन माणसं उतरताना मी बघितली. नवरा-बायको, हनिमूनवाले, एवढी थोरली इनोव्हा. ड्रायव्हर आत बसून, इंजिन चालू, कारण हीटर पाहिजे, साहेब-मॅडम परत आले की गाडी गरम हवी. आणि तो सगळा धूर कुठे जातो, तर चारी बाजूंनी डोंगर आणि मधे तळं, अशा वाटीत.

आमच्या सुमोचा धूर काय अत्तर होता का? नव्हता. जुनी गाडी, उलट जास्तच असेल. पण तो दहाजणांचा होता.

आता जे घडलं ते सांगते, कारण ते माझ्या मताच्या विरुद्ध जातं आणि ते लपवून लेख लिहिणं बरं नाही. चाळीस मिनिटांत परत या असं ड्रायव्हरने सांगितलं होतं. इंदूरची पोरं याकवर बसून फोटो काढण्यात पाऊण तास उशिरा आली. तोवर आईंचं डोकं धरलं होतं, मळमळ सुरू झाली, ओठ जरा निळसर वाटले मला, कदाचित थंडीने असतील पण माझं धाबं दणाणलं. अशा वेळी एकच औषध, खाली उतरणं. आणि गाडीचा कार्यक्रम होता अजून वर, बाबा मंदिराला, म्हणजे हरभजन सिंग या जवानाच्या स्मरणार्थ जे मंदिर आहे तिथे, तेरा हजार फुटांवर. दहाजणांनी त्याचे पैसे भरलेत. ड्रायव्हर म्हणाला तुम्ही आपसात ठरवा.

आपसात ठरवा. सकाळी सातपर्यंत ज्यांची तोंडं बघितली नव्हती अशा दहा माणसांनी, एका सासूबाईंच्या तब्येतीवर, भर रस्त्यात उभं राहून मतदान करायचं. पोरं गप्प, पण त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं. बंगाली काकूंना बाबा मंदिराला नवस फेडायचा होता, त्या रडकुंडीला आल्या, खोटं नाही सांगत. विशाखापट्टणमचे काका म्हणाले मी पुढची सीट देतो, मावशींना पुढे बसवा, आणि खाली चला, देव कुठे पळून जात नाही. शेवटी खाली आलो. दहा-पंधरा किलोमीटर उतरल्यावर आईंना एकदम बरं वाटलं, इतकं बरं की त्यांनी थांबवून मॅगी मागवली, आणि तेव्हा मला सगळ्यांच्या नजरेला नजर देता येईना. काकूंना मी म्हटलं सॉरी, त्या म्हणाल्या ठीक आछे, पण ठीक नव्हतं ते मलाही कळत होतं.

हे ऐकून सगळे म्हणतात, बघ, म्हणून स्वतंत्र गाडी करायची असते. आणि मला नेमकं उलट वाटतं. त्या वेळी आमच्या बाजूने खाली जाणाऱ्या किमान तीस गाड्या गेल्या असतील, त्यातल्या निम्म्यांत जागा होती. एकीतही आम्हाला बसता येत नव्हतं, कारण आमचं परमिट त्या सुमोच्या नंबरला बांधलेलं, पैसे त्या एजंटला दिलेले. एष्टी असती तर? पुढची गाडी पकडून खाली आलो असतो, काकू वर गेल्या असत्या, पोरं अजून तासभर याकवर बसली असती, कोणाचं कोणावाचून अडलं नसतं. गंगटोकचं शेअरिंग म्हणजे दहा अनोळखी लोकांचं एका दिवसापुरतं जबरदस्तीचं एकत्र कुटुंब. सार्वजनिक वाहनाचा सगळा त्रास त्यात आहे आणि सार्वजनिक वाहनाची जी एक खरी सोय असते, की ही चुकली तर पुढची, ती मात्र नाही. मग माणूस वैतागून म्हणतो पुढच्या वेळी रिझर्व्हच करू, आणि गाड्या वाढतात.

सीट विकायची, गाडी विकायची नाही. परमिट माणसाला आणि दिवसाला द्यायचं, गाडीच्या नंबराला नाही. सकाळी ठरलेल्या वेळी वर जायचं, आणि खाली येताना जी फेरी मिळेल तिने यायचं. एवढंच माझं म्हणणं आहे.

हे काही मी नवीन शोधून काढलेलं नाही, आम्ही सातारकर दरवर्षी बघतो. कास. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत नाव गेलं आणि पुढे दोन-तीन वर्षं शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी जे काय मांडलं होतं ते आठवलं तरी अंगावर काटा येतो, लोक फुलांत गाडी घालून टपावर बसून फोटो काढायचे. मग आजूबाजूच्या गावांची समिती, वनखातं, यांनी मिळून संख्या ठरवली, बुकिंग लावलं, गाड्या लांब पार्क करायला लावल्या आणि तिथून बस. पहिल्या वर्षी काय बोंबाबोंब होती, म्हातारी माणसं कशी जाणार, लहान मुलं कशी जाणार. जातात की. आईच गेल्यात तीनदा. अजून तिथे सगळं आलबेल आहे असं नाही, सुट्टीच्या दिवशी घाटात कोंडी होतेच, पण फुलांत चाक जात नाही. आणि ज्या पाण्यावर सातारा शहर पोसलं गेलं तो कास तलाव तिथेच शेजारी आहे हे पुणेकरांच्या गावीही नसतं, असो.

दुसरं टोक बघायचं तर महाबळेश्वरचं वेण्णा लेक. तिथे कोणी काही ठरवलंच नाही. मे महिन्यातल्या शनिवारी पाचगणीकडून येताना वेण्णा लेकच्या अलीकडे जे अडकायला होतं, लोक गाडीतच मका आणि स्ट्रॉबेरी खाऊन घेतात, तळ्याचं दर्शन काचेतून. प्रत्येकाची स्वतंत्र गाडी असते बरं का.

माझी भाची कॅलगरीत असते. तिकडे लेक लुईजजवळ मोरेन लेक म्हणून आहे, दहा शिखरांच्या पायथ्याशी, निळं म्हणजे इतकं निळं की फोटो खोटा वाटतो, कॅनडाच्या जुन्या वीस डॉलरच्या नोटेवर ते छापलेलं होतं. (आपल्या पोस्टखात्यानेही २००६ मध्ये हिमालयातल्या तळ्यांची तिकिटं काढली त्यात त्सोम्गो आहे. तिकडे नोट, इकडे तिकीट, आणि गर्दी दोन्हीकडे.) ती पहिल्यांदा गेली तेव्हा पहाटे तीनला उठून निघायचं, कारण उजाडायच्या आत पार्किंग भरायचं. २०२३ पासून त्यांनी सरळ खासगी गाड्या बंद केल्या त्या रस्त्याला. श्रीमंत असो गरीब असो, पार्क्स कॅनडाची शटल घ्या, नाहीतर परवानेवाल्या टूर कंपनीच्या गाडीत सीट घ्या, नाहीतर सायकल हाणा. शटलचं जातानाचं बुकिंग वेळेप्रमाणे, येताना मात्र रांगेत उभं राहा, जी येईल तिने या. भाचीला आधी राग आला होता, एवढी गाडी घेतली आणि मलाच जाऊ देत नाहीत म्हणून. आता म्हणते मावशी, निवांत सातला उठून जातो. बुकिंग मिळवायला मारामारी असते हे तिचं गाऱ्हाणं मात्र कायम आहे, आणि ते खरंच आहे, संख्या बांधली की कोणीतरी बाहेर राहणारच.

पण बाहेर कोण राहतं आणि कशामुळे राहतं यात फरक आहे. रोहतांगला हरित लवादाने मर्यादा घातली, दिवसाला १,२०० गाड्या, ८०० पेट्रोलच्या आणि ४०० डिझेलच्या. चांगलंच केलं. पण मोजल्या त्या गाड्या. म्हणजे दोघांची गाडी एक आणि आठजणांची गाडीही एकच. ज्याच्याकडे पैसे आहेत तो दोघांत एक परमिट खातो आणि सहाजणांची जागा हवेत जाते. अशा ठिकाणी माणसं मोजली पाहिजेत. तळ्यावर एका दिवशी किती माणसं जाऊ शकतात हे एकदा ठरलं, की रिकामी सीट ही तुमची खासगी चैन राहत नाही, ती रांगेत मागे उभ्या असलेल्या कोणाची तरी असते.

आता एवढं सगळं पर्यावरणाचं बोलून झालं तरी मला सगळ्यात जास्त पटणारं कारण वेगळंच आहे, ते म्हणजे जीव. २०१८ च्या डिसेंबरात, नाताळाच्या सुट्टीत, ह्याच रस्त्यावर अचानक बर्फ पडलं आणि परत येणाऱ्या तीन-चारशे गाड्या अडकल्या, अडीच हजारांच्या आसपास माणसं, बायका-मुलं-म्हातारी. सैन्याने रात्रीतून त्यांना बाहेर काढून आपल्या बराकीत ठेवलं, जवानांनी स्वतःची अंथरुणं दिली. भागाकार करा, गाडीमागे सहा ते आठ माणसं येतात. त्याच माणसांना वीस-बावीस सीटच्या मिनी बस असत्या तर सव्वाशेच्या आत वाहनं झाली असती. बर्फात वळवायला, ढकलायला, बाजूला घ्यायला चारशे गाड्या आणि सव्वाशे गाड्या यात किती फरक आहे हे घाटात अडकलेल्या कोणालाही विचारा.

आणि २०२३, ४ एप्रिल. ह्याच रस्त्यावर हिमकडा कोसळला, सात पर्यटक गेले. पास १३ व्या मैलापर्यंतचेच दिले होते, लोक १५ व्या मैलापर्यंत गेले, असं तेव्हा तिथल्या पोलीस अधिकाऱ्याने सांगितलं होतं. गेलेल्यांना मी बोल लावत नाही, त्यांच्या जागी मीही असते, बर्फ दिसलं की आपल्या लोकांचं काय होतं ते मला माहितीये. "भैया, थोडा आगे ले लो ना." हे वाक्य मी स्वतः मनालीला म्हटलेलं आहे, बारा वर्षांपूर्वी, स्वतंत्र गाडीत बसून. आणि त्याने घेतली होती पुढे, कारण दिवसाचे पैसे माझ्याकडून यायचे होते आणि वर टिपही. फेरीच्या गाडीचा ड्रायव्हर घेणार नाही. त्याला तुमच्याकडून काही मिळायचं नसतं, त्याची फेरी १३ व्या मैलाला संपते म्हणजे संपते. आपली एष्टी स्टॉप सोडून थांबत नाही म्हणून आपण किती शिव्या घालतो, पण तिथे मला तोच ड्रायव्हर पाहिजे.

मग ड्रायव्हरांचं काय, हा प्रश्न उरतो, आणि इथे मी जरा अडखळते. सिक्कीममध्ये पर्यटनाच्या गाडीवर किती घरं चालतात ते तिथे दोन दिवस राहिलं तरी कळतं. हंगाम दोन, मार्च ते मे आणि पूजेपासून डिसेंबरपर्यंत, मधे पाऊस, दरडी. २०२३ च्या ऑक्टोबरात दक्षिण ल्होनाक हिमतलाव फुटून तीस्तेला पूर आला, चुंगथांगचं धरण वाहून गेलं, उत्तर सिक्कीमचे रस्ते गेले, त्या वर्षीचा अख्खा पूजेचा हंगाम बुडाला. गाडीचा हप्ता मात्र दर महिन्याला. आमचा ड्रायव्हर, त्याला सगळे दाजू म्हणत होते, तो म्हणाला महिन्यातून वीस दिवस गाडी चालली तर घर चालतं, पंधराच चालली तर फक्त बँक चालते. बँकवाली म्हणून मी गप्प बसले.

तर गाड्या कमी करा म्हणणं सोपं आहे. दोनशे गाड्यांच्या जागी ऐंशी लागल्या तर एकशे वीसजणांनी काय करायचं? माझं उत्तर असं, की फेऱ्या सरकारी बसच्या नकोतच, त्याच संघटनेच्या गाड्यांच्या असाव्यात, नंबराने, आज तुझा उद्या माझा, आणि सीटचा दर वाढवावा. आज जोडपं गाडीचे पूर्ण पैसे देतंच आहे, शेअरिंगवाला दहावा हिस्सा देतो, या दोन्हीच्या मधे कुठेतरी दर बसवता येईल की. आम्हाला माणशी दुप्पट लागले असते तरी आम्ही दिले असते. जमा झालेला पैसा ज्यांचा त्या दिवशी नंबर नाही त्यांनाही थोडा वाटला जावा. हे कागदावर छान दिसतं आणि संघटनेच्या बैठकीत यावर डोकी फुटतील हेही मला कळतं. माथेरानला दस्तुरीच्या पुढे गाडी नाही हा नियम किती जुना, तरी घोडेवाले, हातरिक्षावाले, ई-रिक्षा यांचं भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलंच. पण भांडण झालं म्हणून माथेरानला कोणी गाड्या सोडल्या नाहीत.

आणि सिक्कीमला जमणार नाही असं कोणी म्हणू नये. १९९८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्या बंद करायला निघाले तेव्हा बाकी देशाला तो विषयही माहीत नव्हता. २०२२ च्या १ जानेवारीपासून बाटलीबंद पाणी बंद केलं, आम्ही घरून स्टीलच्या बाटल्या नेल्या होत्या, कोणी मेलं नाही. एमजी मार्गावर गाड्या नाहीत. गंगटोकच्या लोकल टॅक्सीत चार म्हणजे चारच माणसं, पाचव्याला घेऊन बघा, ड्रायव्हर उतरवतो, आपल्या वडापवाल्यांना तर हे ऐकून झीट येईल. तळ्याकाठी तिथल्याच दुकानदार-याकवाल्यांची पोखरी संरक्षण समिती आहे, साफसफाई ती बघते. ज्या राज्याला पाण्याची बाटली बंद करता आली त्याला इनोव्हा बंद करता येईल.

आक्षेप घेणाऱ्यांना थोडक्यात. व्हीलचेअरवाले, अगदी आजारी, त्यांना वेगळी गाडी असावीच, डॉक्टरच्या कागदावर. तान्ही बाळं? सहा महिन्यांच्या पोराला बारा हजार फुटांवर न्यावंच कशाला, गाडी कुठलीही असो. वाटेल तिथे थांबता येतं म्हणता, तर त्या रस्त्यावर वाटेल तिथे थांबताच येत नाही, आर्मीचा रस्ता आहे, निम्म्या ठिकाणी फोटोलाही बंदी. स्वच्छतागृहाचा प्रश्न मात्र खरा आहे, बायकांसाठी तर फारच, आणि तो स्वतंत्र गाडीनेही सुटत नाही, गाडीत काय संडास असतो का. आणि एक जो उघड कोणी बोलत नाही तो आक्षेप, की कसले कसले लोक येतात शेअरिंगला. हो, येतात. आम्हीही त्यातलेच.

गाडीत बसून जाताना एक गोष्ट मला आवडलेली राहून गेली सांगायची. वाटेत क्योंग्नोस्लाच्या धबधब्यापाशी बंगाली काकांनी मुरमुऱ्यांचा डबा उघडला, वर कच्चं मोहरीचं तेल, आईंनी खाऊन बघितलं आणि तोंड असं केलं की मला वाटलं आता पंचाईत, पण त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढून त्या डब्यात ओतली आणि डबा पुढे सरकवला. इंदूरच्या पोरांनी शेव टाकली. ते जे काय तयार झालं त्याला नाव नाही पण डबा दाजूपर्यंत गेला आणि रिकामा परत आला.

परवा नणंदेचा फोन आला. दिवाळीनंतर चाललेत ते, चौघंच. म्हणाली वहिनी, तुमच्या त्या ड्रायव्हरचा नंबर द्या ना, स्वतंत्र गाडी करतो आम्ही, आईंसारखं व्हायला नको. मी तिला हे सगळं ऐकवलं, अर्धा तास. ती म्हणाली बरोबर आहे तुमचं, आणि मग म्हणाली, पण नंबर द्या. दिला. तेवढ्यात आई आतून ओरडल्या, "तिला म्हणावं सहा सीटा रिकाम्या नेऊ नको, स्टँडवर कोणी असेल तर घे." नणंद म्हणाली काय म्हणतायत आई, मी म्हटलं नीट ऐकू आलं नाही का, फोन स्पीकरवर टाकते थांब.